आपलं

सौद्यात मी एक शब्द जास्त बोललो
आणि साठ रवे गूळ हातचा गेला.
आकडा ओठावर होता, बेचाळीसशे दहा,
पण त्याच्या आधी सवयीनं "आपलं..." निघालं,
तेवढ्यात गांधीनगरच्या एका पोरानं
नुसता आकडा टाकला, सोललेला,
आणि अडत्यानं मान हलवली.

शेठ रागावले नाहीत.
पानाला चुना लावत म्हणाले,
"चौगुले, तुमचं आपलं लई महाग पडतंय."

घरी सुप्रभानं बोर्नव्हिटाची बरणी धुऊन ठेवली.
एका आपल्याला एक रुपया.
"आणि म्हंजेला?"
"म्हंजेला पण. ते हे, काय ते, बरं का, सगळ्यांना."
पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत सत्तेचाळीस.
मला वाटलं, पोरगी खोटं मोजते.
तिनं मोबाइलवर माझंच बोलणं ऐकवलं:
"आपलं मी काय म्हणतो, म्हंजे ते आपलं,
गॅसचं हे, ते, पुस्तक कुठाय आपलं..."
एवढी गर्दी,
आणि गॅसचं पुस्तक बिचारं
लग्नात चुकलेल्या पोरासारखं
मधेच कुठंतरी उभं.

बरणी अर्धी भरल्यावर तोंड मिटायला शिकलो.
शब्द यायचा, दातांमागं थांबायचा,
मी गिळायचो.
गिळला तिथं एक भोक पडायचं,
अर्ध्या श्वासाएवढं.
त्यातनं पंख्याची करकर ऐकू यायची,
उद्यमनगरातला एखादा लेथ,
खाली कोण तरी स्कूटरला किक मारतंय, मारतंय,
लागत नाही.
बावन्न वर्षं या भोकावर
मी आपलं झाकण ठेवत होतो.

मार्केट यार्डात जमू लागलं.
"त्रेचाळीसशे." बस्स.
हमालसुद्धा वळून बघायचे.

पण घरात "चहा ठेव" म्हणालो
तर रत्नप्रभा दचकली.
आधी "आपलं, चहा ठेव जरा" असायचं,
त्या चहात ती असायची, मी असायचो,
आता नुसता हुकूम.
कागलला बहिणीला फोन केला: "रविवारी येतोय."
ती म्हणाली, "दादा, काय झालं? जमिनीचं काय काढलंयस?"
न्हावी म्हणाला, "प्रमोशन झालं काय ओ?"

मग बाळगोंडाची आई गेली.
रुकडीला जाताना एसटीत
वाक्य घासून घासून लख्ख केलं:
त्यांनी फार सोसलं. सुटल्या.
एक काडी नाही त्यात.
सोप्यात बसलो, बोललो,
आणि ते वाक्य ताटलीसारखं
फरशीवर पडलं, घुमलं, थांबलं.
बाळगोंडानं मान हलवली,
जशी कुणाहीसाठी हलवतात.
पलीकडं तिची काठी दाराला टेकवलेली,
कुणी उचलून आत ठेवली नव्हती.
मी काठीकडं बघितलं.
तोही बघत होता.
"आपलं..." मी म्हणालो.
पुढं काही नव्हतं. येणारही नव्हतं.
"व्हय," तो म्हणाला, "म्हंजे... ते आपलं..."
"हां... आपलं हे..."
"तेच की... आपलं..."
असं कितीतरी वेळ बोललो आम्ही,
एक नाम नाही, एक क्रियापद नाही.
मधे एकदा त्यानं नाक पुसलं.
शेवटची एसटी चुकता चुकता मिळाली.

रात्री बरणीचं झाकण फिरवलं तर
सुप्रभा जागीच होती.
"किती?"
"अकरा."
"बाबा!"
"सहा माझे," म्हणालो, "पाच बाळगोंडाचे.
त्याच्याकडं आज सुट्टे नव्हते."